बादलीवर पहारा, गळतीला मोकळीक

गेल्या उन्हाळ्यात शीवच्या आमच्या कचेरीत पाण्याचे बिल फुगून आले आणि साहेबांनी प्रथम बोलावले ते झाडलोट करणाऱ्या मावशींना. ‘लादी पुसायला बादल्या किती ओतता?’ असे विचारून ठेकेदाराकरवी त्यांची दोन दिवसांची मजुरी कापली. मावशी धारावीच्या. पहाटे हंडे भरल्याशिवाय त्यांच्या घरी चूल पेटत नाही. त्यांना पाणी जपायला शिकवणारे आम्ही कोण? महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी ज्यांनी मार खाल्ला, त्यांचीच ही लेक.

आम्ही पडलो हिशेबी कारकून. शनिवारी संध्याकाळी पंप बंद करवून गच्चीवरच्या टाकीत बांबू बुडवला, पाण्याच्या पातळीवर खूण केली. रविवारी कचेरीत चिटपाखरू नव्हते. सोमवारी पाहतो तर पाणी वीतभर उतरलेले! टाकीच्या लांबी-रुंदीने गुणले तर सुमारे साडेसहाशे लिटर. मग फ्लशच्या प्रत्येक टाकीत निळ्या शाईचे चार थेंब टाकले आणि फ्लश न ओढता थांबलो. दहा मिनिटांत एका भांड्यात निळे ओघळ दिसले. हा संडास साहेबांच्या केबिनला लागून! आत झिजलेला एक वायसर, बस्स.

कचेरीला पाणी घरापेक्षा चढ्या दराने मिळते, आणि मलनिःसारणाचा आकार पाण्याच्या बिलावरच बसतो. म्हणजे गळतीचे पैसे दोनदा. शिवाय विजेचे. तानसाचे पाणी १८९२ पासून उताराने येते, पण भातशाचे पाणी पिसे येथे पंपांनी उचलावे लागते. तिथली वीज गेली की मुंबईत पाणीकपात ठरलेली. आपली बरीचशी वीज कोळशावर, तेव्हा पाण्यासोबत धूरही वाया जातो. इमारतीत एक हजार लिटर ३० मीटर चढवायला हिशेबाने ०.०८ युनिट लागते, जुन्या पंपाला दुप्पट धरा. आकडा किरकोळ आहे, ते आम्ही लपवत नाही. पण शहरात कचेऱ्या किती आणि सुट्ट्या किती, ते वाचकांनीच मोजावे.

वायसर बदलला, पुढचे बिल उतरले. साहेबांनी शिपायाकरवी ‘नळ बंद करा’ अशी पाटी मोरीवर लावली. मावशींची मजुरी मात्र अजून परत मिळालेली नाही. आम्ही दुसरा अर्ज लिहिला आहे. त्याला बांबूच्या मापाचा कागद जोडला आहे.