दहाला निजायचे कुणी?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर जुन्नर तालुक्यातील एका वाडीत भरले होते. एका संध्याकाळी देवळासमोर हृदयविकारावर व्याख्यान झाले. आलेल्या डॉक्टरांनी आहार, व्यायाम, तंबाखू हे नेहमीचे विषय घेतले आणि शेवटी ते झोपेवर आले. रात्री दहाच्या सुमारास निजावे, सात-आठ तास झोप घ्यावी, म्हणजे हृदय निरोगी राहते, असे त्यांनी सांगितले. मागे बसलेले एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "सायेब, दहाला निजतो की. पण बाराला लाईट येती. मग उसाला दारं कोण धरणार?" सभा हसली, डॉक्टरही हसले आणि लगेच आभारप्रदर्शन उरकण्यात आले.

त्या प्रश्नात हसण्यासारखे काय होते, हे मला अजून समजलेले नाही. झोपेविषयी आपण जे काही बोलतो आणि लिहितो, ते सारे 'सवय' या एका शब्दाभोवती फिरते. चांगली सवय, वाईट सवय, सवय लावून घ्या, सवय मोडा! परंतु ज्याची रात्र त्याच्या स्वतःच्या हातात नाही, त्याने कोणती सवय लावून घ्यायची? माझे म्हणणे एवढेच आहे की, झोप हा हृदयाच्या आरोग्याचा भाग असेल, तर ती कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हाही आरोग्याचाच प्रश्न मानला पाहिजे.

डॉक्टरांचे शास्त्र खोटे नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपण गाढ झोपलो की नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो. हृदय काही थांबत नाही; पण बैलाच्या मानेवरचे जू सैल करावे, तेवढी उसंत त्याला रोज रात्री मिळते. ज्यांचा रक्तदाब रात्री असा उतरत नाही, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्था, अमेरिकन हार्ट असोसिएशन, पूर्वी हृदयाच्या आरोग्याच्या सात गोष्टी सांगत असे: आहार, हालचाल, तंबाखूपासून दूर राहणे, वजन, कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब. 2022 साली तिने त्यांत झोप ही आठवी गोष्ट घातली आणि प्रौढ माणसाला 7 ते 9 तास झोप हवी, असे सांगितले.

आपण तरुण आहोत, आपल्याला काय होणार, असे कुणी म्हणेल. 1999 साली शिकागो येथे 11 निरोगी तरुणांना सलग 6 रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची शक्ती कमी झाली. साखर बिघडली की पुढे रक्तवाहिन्या बिघडतात, आणि रक्तवाहिन्यांच्या मागोमाग हृदय. शिवाय आपल्या भागातील माणसांना सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी येतो. इतर देशांत तेच वय 59 च्या आसपास आहे. कर्त्या माणसाच्या आयुष्यातली ही सहा वर्षे म्हणजे एखाद्या घरात मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज!

आता म्हातारबाबांच्या लाईटकडे वळू. महाराष्ट्रात शेतीपंपांना पाळीपाळीने वीज देण्याची पद्धत कित्येक वर्षांची आहे: काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री 10 तास. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. ती जिथे पोचली तिथे लोक दिवसा पाणी देऊ लागले, हे मान्य केलेच पाहिजे. आमच्या वाडीकडे मात्र अजून पाळीच चालू आहे. मोटर आपोआप सुरू करणारा स्विच बहुतेकांनी बसवला आहे, पण पाटाचे पाणी आपोआप वळत नाही. एक सारा भरला की दुसऱ्याचे दार उघडायला माणूसच लागतो. माझे वडील बॅटरी आणि खोरे घेऊन बाराला जातात, ते उजाडताना येतात. जाताना तंबाखूची पुडी असतेच; तिच्यावाचून डोळा उघडा राहत नाही, असे ते म्हणतात. म्हणजे जागरण हा एक घाव, आणि जागे राहण्याचा उपाय हा दुसरा. परत आल्यावर धारा, डेअरी, वैरण. दिवसा थोडे आडवे व्हावे तर कुणीतरी दारातून म्हणतेच, "काय, दुपारी झोप?" आमच्याकडे रात्रभर राबलेल्या माणसाची दुपारची झोपही आळसात मोजतात! आणि आई? वडील घरी येईपर्यंत तिची झोप म्हणजे कुत्रे भुंकले की उठून बसणे. तिच्या जागरणाला तर पाळी असेही कुणी म्हणत नाही.

यावर काही मित्र म्हणतात, शेतकऱ्याला सवय असते. असे म्हणणाऱ्यांसाठी दूरचे एक उदाहरण देतो. स्वीडनमध्ये दर वसंतात सर्वांची घड्याळे एक तास पुढे करतात; म्हणजे त्या रात्री साऱ्या देशाची झोप एका तासाने तुटते. तेथील संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी तपासून 2008 साली दाखवले की, त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे 5 टक्क्यांनी वाढतात. तिथे एका तासाचा फरक, तोही वर्षातून एकदा. आमच्याकडे सारी रात्रच इकडची तिकडे होते, आणि तीही दर पाळीला! शरीराच्या आत एक घड्याळ आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते घड्याळ उजेड-अंधारावर चालते, विजेच्या वेळापत्रकावर चालत नाही. अमेरिकेतील सुमारे 1 लाख 89 हजार परिचारिकांच्या पाहणीत (2016) असे दिसले की, ज्यांनी दहा वा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केल्या, त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा 15 ते 18 टक्क्यांनी जास्त होता. अर्थात अशा पाहणीतून कारण पुरते सिद्ध होत नाही, हे आमचे प्राध्यापक सांगतीलच. पण परिचारिकेची रात्रपाळी निदान हजेरीपुस्तकात लिहिलेली असते. शेतकऱ्याची कुठे लिहितात?

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बिबट्याचे भय आहे. रात्री दारे धरणाऱ्यावर बिबट्याने हल्ला केला की पंचनामा होतो, वर्तमानपत्रात बातमी येते, वारसांना सरकारी मदत मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण वीस वर्षे रात्री जागून पन्नाशीत छातीत कळ येऊन बांधावर पडलेल्या माणसाच्या कागदावर 'हृदयविकार' एवढेच लिहिले जाते, आणि लोक म्हणतात, त्याची वेळ भरली होती. दिवसा वीज द्या, या मागणीत बिबट्या आणि साप यांची नावे असतात. तिच्यात हृदयाचेही नाव घातले पाहिजे, असे मला वाटते.

ठिबक करा म्हणजे दारे धरावी लागत नाहीत, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याने तो केव्हाच अमलात आणला आहे.

आपल्या विद्यार्थ्यांबद्दल काय? वसतिगृहात दोन वाजेपर्यंत मोबाईल डोळ्यांसमोर धरून पडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्या बाबतीत 'सवय' हाच शब्द बरोबर आहे, आणि डॉक्टरांचे व्याख्यान खरे तर त्यांच्यासाठी होते. परंतु आपल्यातले कितीतरी जण एका खोलीच्या घरातून येतात. टीव्ही बंद होऊन घर निजले की मगच त्यांचे पुस्तक उघडते. रात्र जागून पहिला वर्ग मिळवणाऱ्याचे आपण संमेलनात कौतुक करतो. त्याला जागावे का लागले, हे मात्र कुणी विचारत नाही. आपली अभ्यासिका सायंकाळी 6 ला बंद होते. ती 9 पर्यंत उघडी राहिली, तर काही मुलांना घरी जाऊन वेळेवर निजता येईल. हा खर्च फार मोठा नाही. प्राचार्यांनी विचार करावा, ही विनंती.

झोपेत मोठ्याने घोरणाऱ्यांची आपण चेष्टा करतो. घोरता घोरता ज्याचा श्वास मधेच अडकतो, त्याचा रक्तदाब त्यामुळे वाढतो आणि हृदयावर ताण येतो. अशा माणसाला चेष्टेची नव्हे, तपासणीची गरज असते. हे शिबिरात सांगायचे राहून गेले.

या वर्षीचे शिबिर पुन्हा त्याच वाडीत आहे असे कळते. व्याख्यान अवश्य ठेवावे; पण त्याबरोबर एक काम आपल्यालाही करता येईल. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि एक वही घ्यावी. दारे धरणाऱ्या वीस-पंचवीस जणांचा रक्तदाब दिवसाच्या पाळीत मोजावा आणि त्याच माणसांचा, त्याच वेळी, रात्रीच्या पाळीत पुन्हा मोजावा. कोण किती तास निजला, हेही शेजारी लिहावे. शिबिर सात दिवसांचे असल्यामुळे दुसऱ्या मोजणीला कुणाला तरी परत जावे लागेल. वाडीपर्यंत सकाळची एसटी आहे, आणि लाईट कोणत्या आठवड्यात रात्री असते ते मला घरी विचारून सांगता येईल.