पुण्यात तुमचा भाग किती सुरक्षित? क्राइम रेट काय सांगतो आणि काय सांगत नाही

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतात. रात्री कुणीतरी रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्यात. दुपारपर्यंत 'आपला एरिया आता राहण्यासारखा राहिला नाही' इथपर्यंत चर्चा पोहोचते. पुण्यात गेल्या काही वर्षांत येरवडा, बिबवेवाडी, सहकारनगर, हडपसर अशा अनेक भागांतून अशा बातम्या आल्या आहेत. 'कोयता गँग' हा शब्द तर आता शहराच्या रोजच्या बोलण्यात आला आहे.

पण भीती वाढली म्हणजे गुन्हे वाढले का? आणि आकडा कमी आला म्हणजे भाग सुरक्षित झाला का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

क्राइम रेट म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. त्यात एक लाख लोकसंख्येमागे किती दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, हे दिलेलं असतं. यालाच क्राइम रेट म्हणतात.

२०२२ च्या अहवालात भारतीय दंड संहितेखालच्या गुन्ह्यांचा हा दर कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादमध्ये २९९.२ होता. महानगरांमध्ये ही तीन शहरं सर्वांत कमी दराची ठरली आणि 'पुणे देशातलं दुसरं सुरक्षित शहर' असे मथळे झळकले. आकडे ज्या वर्षाचे होते, त्याच २०२२ च्या डिसेंबरमध्ये सिंहगड लॉ कॉलेज परिसरात कोयते घेऊन फिरणाऱ्या तरुणांच्या व्हिडिओने शहर हादरलं होतं.

मथळ्यांमध्ये एक गोष्ट राहून गेली. हा दर काढताना महानगरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली धरली होती. पुण्यासाठी ती ५०.५ लाख होती. त्यानंतर शहर किती फुगलं, हे वाघोली किंवा आंबेगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. भाजक जुना असेल, तर भागाकारावर किती विसंबायचं?

एका घटनेत चार गुन्हे, मोजला जातो एक

समजा, घरात घुसून मारहाण केली, दागिने लुटले आणि जाताना खून केला. एफआयआरमध्ये सगळी कलमं लागतात. पण एनसीआरबीच्या मोजणीत एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे इथे खून, तेवढाच धरला जातो. बाकीचे गुन्हे आकडेवारीत दिसत नाहीत.

पाच हजारांखालची चोरी कुठे जाते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्यात एक बदल फारसा चर्चेत आला नाही. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे एफआयआर नाही, एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस त्याचा तपासही करू शकत नाहीत.

सायकल, साधा मोबाइल अशा चोऱ्या दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यातून बाहेर पडतात. उद्या एखाद्या भागात चोऱ्या 'कमी' झालेल्या दिसल्या, तर चोर कमी झाले की व्याख्या बदलली, हे आधी विचारायला हवं.

'चोरी' ऐवजी 'गहाळ' अशी नोंद झाली, तरी परिणाम तोच होतो. गर्दीत खिशातून गेलेला मोबाइल गहाळ म्हणून नोंदवला की सिमकार्ड आणि विम्याचं काम भागतं. पण त्या चौकात पाकीटमार आहेत, ही माहिती कुठल्याच तक्त्यात जात नाही.

हद्द बदलली की आकडा बदलतो

आपल्या भागाचा आकडा म्हणजे प्रत्यक्षात आपल्या पोलिस ठाण्याचा आकडा. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय झालं. २०२४ मध्ये पुण्यात बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ, आंबेगाव आणि नांदेड सिटी ही सात नवी ठाणी आली. हद्दीतला काही भाग नव्या ठाण्याकडे गेला की जुन्या ठाण्याचे गुन्हे कागदावर कमी होतात. रस्त्यावर मात्र काहीही बदललेलं नसतं.

उलटही घडतं. ठाणं जवळ आलं की तक्रार द्यायला लोक जास्त येतात आणि आकडा वाढतो. नोंद वाढणं म्हणजे गुन्हेगारी वाढणंच असं नाही, हे एनसीआरबीही आपल्या अहवालात स्पष्ट करतो.

घराच्या आतलं काय?

सुरक्षितता म्हटलं की डोळ्यांसमोर अंधारी गल्ली येते. पण महिलांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती किंवा नातेवाइकांकडून होणाऱ्या छळाचा असतो. बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. गेटवर वॉचमन आणि जिन्यात कॅमेरा असलेल्या इमारतीतही हे घडतं. बदनामी मात्र शेजारच्या वस्तीची होते. तिथल्या मुलांना पत्ता सांगितल्यावर नोकरी किंवा भाड्याने खोली मिळणं अवघड जातं.

मग पाहायचं काय?

जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. शहरातला सर्वांत 'सुरक्षित' समजला जाणारा हा भाग. जवळच पेरुगेट पोलिस चौकी होती, पण तिथे कर्मचारी हजर नसल्याचं समोर आल्यावर निलंबनाची कारवाई झाली. तरुणीला वाचवलं ते रस्त्यावरच्या तरुणांनी.

म्हणून एका आकड्यापेक्षा काही साधे प्रश्न जास्त उपयोगाचे ठरतात. चौकी रात्री उघडी असते का? ११२ वर फोन केल्यावर गाडी किती वेळात येते? रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का? तक्रार नोंदवून घेतात की परत पाठवतात?

शेवटच्या प्रश्नावर कायदा नागरिकाच्या बाजूने आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' देता येते. ऑनलाइन तक्रार दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

फुटलेल्या काचेचा फोटो ग्रुपवर टाकून भीती पसरते, नोंद होत नाही. आणि जिथे नोंद नाही, तिथे गस्त वाढवा, चौकी द्या, अशी मागणी करायला लोकांच्या हातात कागदच नसतो.