मॉरिशसचे काळे दगड

निपाणीकडच्या रानांतून जाताना शेतांच्या बांधांवर काळ्या दगडांचे ढीग दिसतात. नांगराला आडवा आलेला दगड उचलावयाचा आणि बांधावर टाकावयाचा, ही आपल्या शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ह्या काळ्या दगडाचे एक भावंड मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील एका बेटावर नांदत आहे असे सांगितले, तर वाचकांस नवल वाटेल. परंतु भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे तसेच आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक अतितप्त जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी तिच्यावरून सरकत असता तेथील लाव्हा भेगांतून वर आला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. ह्या पठाराची दक्षिणेकडील कड आपल्या बेळगावाजवळच संपते. भूमी उत्तरेकडे सरकत गेली. ती तप्त जागा मात्र मागेच राहिली. पुढे फार काळाने, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, तिच्याच लाव्हातून समुद्रावर मॉरिशस बेटाने डोके काढले. शेजारचे रियुनियन बेट तर आजही धुमसत असते.

ह्या सदरात आम्ही वाचकांस घरबसल्या देशोदेशी नेत असतो. ह्या खेपेस मॉरिशसला जाऊ. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांचा प्रवास आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा त्याच्या सात पट भरेल. एवढ्याशा भूमीचे स्वतंत्र राष्ट्र १२ मार्च १९६८ रोजी झाले आणि १९९२ मध्ये ते प्रजासत्ताक बनले.

प्रवासी तेथे जातात ते बहुधा समुद्रासाठी. बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचे कडे आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. नैर्ऋत्येस शामारेल येथे सात रंगांची माती आहे: तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळी अशा तिच्या लहान लहान टेकड्या आहेत व तीवर गवताचे पातेही उगवत नाही. काळा दगड उन्हापावसाने झिजून त्यातील लोहाचे व अ‍ॅल्युमिनियमचे अंश मागे उरले की असे रंग येतात. आपल्या बेळगावकडील जांभ्याला तांबडा रंग येतो तोही अशाच झिजेतून, लोहामुळेच. पांप्लमूस येथे एक जुने व नामांकित वनस्पती उद्यान आहे. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच गृहस्थाने डच लोकांच्या कडेकोट पहाऱ्यातून लवंग व जायफळ ह्यांची रोपे पळवून आणून तेथे लावली. (ह्या गृहस्थाच्या आडनावाचा अर्थच मुळी ‘मिरे’ असा आहे. मसाल्याच्या चोरास ह्याहून शोभेसे नाव मिळणे कठीण.) तेथील तळ्यात परातीसारखी काठ वळलेली प्रचंड कमळपाने तरंगतात, आणि तेथला तालिपोत ताड कित्येक दशके वाट पाहून आयुष्यात एकदाच फुलतो व मरतो.

आणि डोडो! कबुतराच्या कुळातील हा मोठा, न उडणारा पक्षी केवळ ह्याच बेटावर होता. डच खलाशी १५९८ मध्ये येथे उतरले व आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटास मॉरिशस हे नाव दिले. त्यांनी काळ्या आबनुसाची अरण्ये तोडली. त्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी व माकडांनी जमिनीवरच घरटे करणाऱ्या ह्या भोळ्या पक्ष्याची अंडी फस्त केली. १६६२ नंतर त्याचे खात्रीलायक दर्शन कोणास झालेले नाही, म्हणजे मनुष्याची गाठ पडल्यापासून शंभर वर्षेही तो टिकला नाही. उलट तेथल्याच एका लहान ससाण्याची कथा धीर देणारी आहे. १९७४ मध्ये जगात त्याचे चारच पक्षी माहीत होते. काही चिकाटीच्या माणसांनी अंडी उबवून व पिले वाढवून त्याचा वंश वाचविला आणि आज ते शेकड्यांनी आहेत.

हे सर्व सहलीच्या पुस्तकांत सापडते. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या पुस्तकांच्या मागल्या पानांवर बारीक अक्षरांत असते.

ऊस येथे १६३९ मध्ये डचांनीच जावा बेटावरून आणला. ते १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. मालक बदलत गेले. ऊस मात्र वाढत गेला. फ्रेंच अमदानीत मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून माणसे पकडून, विकत घेऊन गुलाम म्हणून फडांत राबविली जात. पळून गेलेले गुलाम नैर्ऋत्य टोकावरील ल मोर्न ह्या ५५६ मीटर उंचीच्या कड्यावर लपत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी बंद झाली, तेव्हा ही आनंदाची वार्ता सांगावयास गेलेली शिपायांची तुकडी पाहून कड्यावरील लोकांस ते धरावयास आले असेच वाटले आणि त्यांनी खाली उड्या घेतल्या, अशी कथा तेथील लोक सांगतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, त्या कड्याकडे पाहताना ती ठाऊक असावी. गुलाम सुटले ते साठ हजारांहून अधिक. भरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड सरकारने दिले, ते मालकांस! सुटलेल्यांच्या वाट्यास आणखी चार वर्षांची सक्तीची उमेदवारी आली.

मालकांनी पर्याय आधीच शोधला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. करार पाच वर्षांचा, पुरुषास महिना पाच रुपये व वर शिधा. तो प्रयोग मालकांस मानवला, आणि पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे ह्या बंदरात उतरली. बहुतेक बिहारकडील भोजपुरी, त्यांच्या मागोमाग तमिळ व तेलुगू. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत मराठी माणसे, विशेषेकरून रत्नागिरी जिल्ह्यातील. तेथे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून लोकांस जहाजावर चढविले, असे त्यांचे वंशज सांगतात. दगड त्यांनी खरोखरच उलटले. जमीन काळ्या धोंड्यांनी भरलेली. ऊस लावावयाचा तर प्रथम धोंडे काढले पाहिजेत. ते हातांनी उचलून रचलेले मोठमोठे ढीग बेटावरील फडांच्या मध्ये आजही उभे आहेत. अनोळखी प्रवासी त्यांस एखाद्या प्राचीन राजाची स्मारके समजून छायाचित्रे काढतो.

पोर्ट लुई बंदरात ह्या मजुरांच्या उतारतळाचे अवशेष जतन केले आहेत. पूर्वी त्यास ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ पासून ‘आप्रवासी घाट’ म्हणतात, आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाहावयास तेथे फारसे काही नाही: काही दगडी पायऱ्या, काही खोल्यांच्या भिंती, स्वयंपाकाची व धुण्याची जागा. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण ह्याच घाटाने वर जाई. वर गेल्यावर त्यास क्रमांक मिळे, आणि तेथून पुढे मळ्यावर पाठवणी होई.

मळ्यावर एक नियम होता. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की त्याचा दोन दिवसांचा रोज कापला जाई. मग तो आजारी असो वा आणखी काही असो. पाच रुपयांतून अशी दुहेरी कपात झाली म्हणजे महिन्याअखेर हाती काय राहत असेल ह्याचा हिशेब वाचकांनी करावा. करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र चिकटविलेला परवाना जवळ बाळगावा लागे, नाहीतर पोलीस धरीत. १८७१ मध्ये अदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने ९,४०१ मजुरांच्या वतीने सरकारास अर्ज केला. इतर मळेवाले त्याच्यावर खवळले, पण विलायतेहून चौकशी आयोग आला आणि पुष्कळ गोष्टी उजेडात आल्या.

हे वाचताना आमच्या ध्यानात आपल्याच गावांतील एक दृश्य येते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात व गावाबाहेर पालांच्या खोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. खाडा झाला की पैसे कापावयाचे. आणि नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. मॉरिशसमध्ये माणसाचा क्रमांक झाला, आपल्याकडे अवजार झाले. दोन्हीकडची परिस्थिती सर्वस्वी सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही, मध्ये दीडशे वर्षे गेली आहेत आणि समुद्रही आहे. तरी रविवारी मिस्साबलिदान आटोपून घरी परतताना त्या खोप्यांजवळून जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांस त्यांतील एका तरी मुलाचे नाव ठाऊक आहे?

बेटावरील एका मनुष्यास अशी नावे ठाऊक होती. जाक-देझिरे लाव्हाल हे नॉर्मंडीचे, जन्म १८०३, धंद्याने डॉक्टर. डॉक्टरी सोडून ते धर्मगुरू झाले व १८४१ मध्ये पोर्ट लुईस पोहोचले. नुकत्याच सुटलेल्या गुलामांकडे प्रतिष्ठित लोक ढुंकून पाहत नव्हते. फादर लाव्हाल त्यांच्यात राहिले, त्यांच्या क्रिओल बोलीत शिकवू लागले आणि त्यांच्यातीलच स्त्रीपुरुषांस धर्मशिक्षक म्हणून त्यांनी तयार केले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते निवर्तले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २९ एप्रिल १९७९ रोजी त्यांस ‘धन्य’ घोषित केले. सेंत-क्र्वा येथील त्यांच्या समाधीवर दरवर्षी सप्टेंबरच्या आठव्या रात्री हजारो माणसे पायी येतात, आणि त्यांत कॅथोलिकांबरोबर हिंदू व मुसलमानही असतात. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस बेटावर आले तेही बरोबर ९ सप्टेंबरलाच. देशातील सुमारे चौथा हिस्सा लोक कॅथोलिक आहेत.

मराठी मंडळींचे काय झाले? ती विशेषतः पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात स्थिरावली. कास्काव्हेल हे तेथले त्यांचे जुने गाव. घरात बहुतेकांच्या तोंडी आज क्रिओल असते, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच. आपण सीमेवरची माणसे. घरी एक, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी भाषा ही ओढाताण आपणांस नवी नाही. असे असता त्या मंडळींनी मराठी पुरती सोडलेली नाही. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांस मराठी शिकता येते, पुढे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती वरच्या वर्गांपर्यंत शिकविली जाते. गणेश चतुर्थीस साऱ्या देशास सुट्टी असते. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ ह्या नावाने ढोलकीच्या तालावर अद्याप रंगतो. समुद्रापलीकडे दीडशे वर्षांत एका शब्दाचा उच्चार एवढाच बदलावा, ही काही लहान गोष्ट नव्हे असे आम्हांस वाटते.

ऊस आता तेथे पूर्वीइतका राहिलेला नाही. पुष्कळ कारखाने बंद पडले. पांप्लमूसजवळील बो प्लाँ येथील जुन्या कारखान्यात साखरेचे संग्रहालय झाले आहे, आणि मजुरांच्या नातवंडांपैकी कित्येक जण हॉटेलांत व कचेऱ्यांत काम करतात. तरी २०२० च्या ऑगस्टमध्ये एका अडकलेल्या जपानी जहाजातून सुमारे हजार टन तेल आग्नेय किनाऱ्यावर सांडले, तेव्हा लोकांनी धावत जाऊन कापडी पिशव्यांत उसाचा पाला भरला आणि त्यांचे लांबलचक तराफे करून तेल अडविले.

मोका येथील ज्या संस्थेचा उल्लेख वर केला, तेथेच मजुरांच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, जहाज, जिल्हा व गाव असे त्यांतील रकाने आहेत. १८६० नंतरच्या दशकापासूनची छायाचित्रेही आहेत. आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेणारी माणसे तेथे येऊन अर्ज करतात. अडचण अशी की कारकुनास मराठी येत नसे. कानावर पडले तसे त्याने लिहिले. पणजोबांचे पाळण्यातले नाव घराण्याचे आडनाव होऊन बसले आणि गावांची नावे तर ओळखू येत नाहीत इतकी मोडली. ती नावे मोठ्याने वाचून दाखविली तर ओळखणारे कोणी असेल, तर ते इकडच्या खेड्यांतील एखादे म्हातारे माणूसच असेल.