आरोग्यधन : भार क्रमाने, विश्रांती नेमाने

ग्रीक मल्ल मिलो रोज एक वासरू खांद्यावर वाहून नेई. वासरू वाढत गेले तसे त्याचे बळही वाढले, अशी आख्यायिका आहे. व्यायामाचे सूत्र हेच : भार क्रमाक्रमाने वाढवावा. वर्षानुवर्षे पेढीवर बसलेल्याने एकाएकी धावू लागणे हृदयास व सांध्यांस धोक्याचे असते. स्नायू लवकर बळावतात, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश. श्रमाची झीज झोपेत भरून निघते; म्हणून विश्रांती हाही व्यायामाचाच भाग मानावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखे श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. वाचकहो, आज दहा मिनिटांपासून प्रारंभ करावा. हृदयविकार वा मधुमेह असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.