‘कळले नाही’ म्हणण्याची जागा

मॉस्को राज्य विद्यापीठात इस्राएल गेलफांड या गणितज्ञाने १९४३ साली एक सेमिनार सुरू केला. ते अमेरिकेत जाईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, तो चालू होता. दिवस सोमवार, वेळ संध्याकाळी सातची. प्रत्यक्षात आरंभ केव्हा होईल याचा भरवसा नसे. तोवर मंडळी बाहेर उभी राहून एकमेकांना आपापले गणित सांगत. संपण्याची वेळ तर ठरलेलीच नव्हती. इमारत बंद करणारे लोक येऊन उभे राहिले की उठायचे.

वक्ता आपले म्हणणे पूर्ण करू शकेल अशी खात्री कोणालाच नसे, स्वतः वक्त्याला तर नसेच. गेलफांड मध्येच थांबवत, व्याख्या पुन्हा मांडायला लावत, कधी वक्त्याला बसवून श्रोत्यांपैकी एखाद्याला फळ्यापाशी बोलावत. त्यांची आणखी एक रीत होती. श्रोत्यांतून एकाला, पुष्कळदा एखाद्या विद्यार्थ्याला, ते ‘कसोटीचा श्रोता’ म्हणून नेमत. त्याने विषय खरोखर समजून घ्यायचा, अडले की वक्त्याला अडवायचे आणि विचारल्यावर आतापर्यंत काय झाले ते आपल्या शब्दांत सांगायचे. त्याला ते सांगता आले नाही, तर विषय पुन्हा मागे न्यावा लागे. विद्वत्सभेत ‘मला कळले नाही’ हे वाक्य उच्चारणे हे तिथे एका माणसाचे नेमून दिलेले काम होते. आपल्या सभांमध्ये हेच काम कोणाकडे नसते.

हा सेमिनार कोणासाठी आहे, याविषयी गेलफांड यांचे एक म्हणणे प्रसिद्ध आहे: सामान्य शाळकरी मुले, बऱ्यापैकी पदवी-विद्यार्थी, हुशार संशोधक विद्यार्थी आणि असामान्य प्राध्यापक यांच्यासाठी. हा विनोद आहे खरा, पण त्यातली चढती भाजणी लक्षात घ्यावी. जो जितका वरच्या पायरीवर, त्याच्याकडून मागणी तितकी जास्त. आपल्याकडे ही भाजणी उतरती असते. एम.ए.च्या मुलाने निबंध वाचला तर संदर्भसूचीपासून शुद्धलेखनापर्यंत त्याची झडती होते. विभागप्रमुखांनी वाचला तर टाळ्या.

या सेमिनारचे भाबडे कौतुक करण्यात मात्र अर्थ नाही. गेलफांड कठोर होते आणि पुष्कळदा अपमानकारकही. पाहुण्या वक्त्याची भर सभेत केलेली शोभा ही काही ज्ञानाची अपरिहार्य किंमत नव्हे. एका माणसाच्या अधिकारावर चालणारी सभा त्या माणसाच्या लहरीवरही चालते. तरीही लोक येत राहिले. १९७०च्या दशकात याच विद्यापीठाच्या गणित शाखेत ज्यू विद्यार्थ्यांना प्रवेशापासून दूर ठेवले जात होते. अनेक चांगल्या गणितज्ञांना तिथे नोकरी मिळणे शक्य नव्हते. ते दिवसा इतर संस्थांमध्ये काम करत आणि संध्याकाळी सेमिनारला येत. विद्यापीठाने ज्यांना पद नाकारले, त्यांना तिथल्या एका खोलीत प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. उद्धटपणा सोसूनही माणसे कशासाठी येत होती, याचे उत्तर काही अंशी यात असावे.

त्याच शहरात, पण विद्यापीठाबाहेर भौतिक समस्या संस्थेत, लेव लँडाउ यांचा सैद्धांतिक भौतिकीचा सेमिनार दर गुरुवारी भरे. तिथे सदस्यांनी वर्णानुक्रमे पाळीपाळीने बोलायचे असे आणि पुष्कळदा स्वतःच्या संशोधनावर नव्हे, तर नियतकालिकांत आलेल्या, लँडाउ यांनी निवडलेल्या दुसऱ्याच्या लेखांवर. दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून ते सांगता येणे, हीच परीक्षा.

आता आपल्याकडे येऊ. सेमिनारला आपण ‘चर्चासत्र’ हा सुरेख शब्द केला, आणि त्यातले सत्र तेवढे नेमाने पाळतो. उद्घाटन, दीपप्रज्वलन, बीजभाषण, मग समांतर सत्रे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील राष्ट्रीय चर्चासत्रात दीड तासाच्या सत्रात चौदा निबंध होते. एका विद्यार्थिनीने निबंधवाचकांना विचारले, “सर, तुम्ही ‘नेणीव’ म्हणता ती नक्की कोणाची? लेखकाची की पात्राची?” अध्यक्ष प्रेमळपणे म्हणाले, “बाळ, चहाच्या वेळी भेट त्यांना.” त्या दिवसातला तो एकमेव साहित्यविषयक प्रश्न होता. निबंधवाचनाला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमावलीत गुण लावले, त्यामुळे निबंधांची संख्या फुगली हे खरे आहे. पण सगळा दोष आयोगावर ढकलता येणार नाही. प्रश्न न विचारण्याची आपली रीत त्याहून जुनी आहे, आणि तिला आपण सौजन्य म्हणतो.

यावर आक्षेप येईल की गणितात सिद्धता असते, साहित्यात नसते. मग तिथली शिस्त इथे कशी चालेल? कवितेची सिद्धता नसते, हे मान्य. पण कविता संदिग्ध असणे वेगळे आणि कवितेवरचा निबंध संदिग्ध असणे वेगळे. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. कोणत्याही कवितेवरच्या निबंधात ‘येथे समतोललय प्रत्ययास येते’ असे वाक्य बिनदिक्कत टाकता येते. कसोटीचा श्रोता एवढेच विचारील: कोणत्या ओळीत? कशाचा कशाशी समतोल? ती ओळ काढली तर काय बिघडेल? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसेल, पण उत्तरच नसेल तर ते वाक्य निबंधात का आहे? ‘देशीयता’, ‘महानगरीय जाणीव’, ‘उत्तर-आधुनिकता’ या शब्दांबाबत तर हे रोज करावे लागेल.

हे अपमानावाचूनही साधते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या वास्तूत होती, तेव्हा तिथे मोठे परदेशी गणितज्ञ येऊन व्याख्यानमाला देत. त्या व्याख्यानांची टिपणे संस्थेतल्या तरुणांनी लिहायची आणि ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हायची, टिपणकाराच्या नावासह. लोराँ श्वार्त्स यांच्या १९५५च्या व्याख्यानांची टिपणे विशीतल्या एम. एस. नरसिंहन यांनी लिहिली. असे पुस्तक लिहायचे, तर मान डोलावून भागत नाही. जिथे कळले नाही तिथे विचारावेच लागते. पुढे १९६५ मध्ये नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी एक सिद्धांत मांडला. त्याची नवी सिद्धता सायमन डोनाल्डसन यांनी १९८३ मध्ये दिली, तीही सैद्धांतिक भौतिकीतून आलेल्या यांग-मिल्स सिद्धांताच्या वाटेने. टिपणे लिहिल्याने सिद्धांत सुचतात असे मी म्हणत नाही. पण ऐकणे हे काम आहे आणि त्या कामावर नाव छापले जाऊ शकते, हे त्या संस्थेने मान्य केले होते.

आपल्या मराठी विभागांना हे करायला अनुदान लागणार नाही. दिवसाला चौदाऐवजी तीन निबंध. प्रत्येकासाठी एक कसोटीचा श्रोता, शक्यतो एम.ए. भाग एकचा, आणि त्याला कधीही हात वर करण्याची मुभा. निबंध छापायचा तो त्याच्या टिपणासह, म्हणजे निबंधकाराने काय लिहिले आणि ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचले, हे शेजारी शेजारी वाचता येईल. अडचण एकच आहे. आपल्या बहुतेक चर्चासत्रांचे ग्रंथ चर्चेच्या आधीच छापून तयार असतात, आणि त्यांचे प्रकाशन उद्घाटनाच्या सत्रात होते.