फौजी घरी आला, झोप मात्र आली नाही

माजी सैनिकांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं पेन्शनवर येऊन थांबतं. २०१५ मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’चा निर्णय झाला, तेव्हाही तेच झालं. पेन्शन हवीच. पण ती बँकेत जमा होते, म्हणून घरात झोप येतेच असं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. अशी फौजींची घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. तिथल्या बायका मला हळू आवाजात एकच सांगतात, ‘हे रात्री दोनला उठून दाराची कडी बघून येतात.’

साधा शिपाई निवृत्त होतो तो चाळिशीच्या आत-बाहेर. इतकी वर्षं पहाटेची पीटी आणि रात्री पाळीपाळीने पहारा. घरी आल्यावर पीटी सुटते, पहारा सुटत नाही. त्यात बऱ्याच जणांना काम मिळतं ते सिक्युरिटीचं, तेही रात्रपाळीचं. मग पोट सुटतं, शुगर वाढते, चिडचिड होते. झोपेसाठी म्हणून कँटीनची बाटली येते. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते. मुलं बापासमोरून उठून जातात आणि आपण म्हणतो, ‘मिलिटरीवाले तापटच!’

मला वाटतं, ‘स्वभाव’ म्हणून आपण दुखणं झाकतो. शरीर दमलं की झोप गाढ लागते, सकाळचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, आणि झोप झाली की मन ताळ्यावर राहतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. फौजीला हे काहीच नाही. पण तो आयुष्यभर पलटणीबरोबर धावलाय, एकटा कशाला उठेल? भरतीची तयारी करणारी गावातली पोरं त्याच्या हाती द्या, मग बघा!

मात्र सगळंच चालण्या-पळण्याने बरं होत नाही. दचकून उठणं, भीतीची स्वप्नं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं असेल तर डॉक्टरच हवा. २००३ पासूनची ईसीएचएस योजना त्यासाठीच आहे. पेन्शनर फौजीच्या कार्डावर बायकोलाही उपचार मिळतात. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आपलीही झोप उडाली असेल तर आपणही तो फिरवावा, मैत्रिणींनो.

हे आजच बोलायला हवं. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होणार. बाकीची ऐन पंचविशीत घरी येणार, तीही पेन्शनविना. ‘आता पुढे काय?’ हे त्यांना सगळेच विचारतील. ‘झोप लागते का रे?’ हे निदान आईने, बहिणीने विचारावं.