वेळापत्रक हे वचन की अंदाज?

आगगाडीस उशीर झाला म्हणून तक्रार करणे हे कोत्या मनाचे लक्षण होय, असे मानणारा एक वर्ग आपल्या सुशिक्षितांत आहे. एवढा अवाढव्य देश, एवढी गर्दी, एवढे स्वस्त भाडे. तेव्हा एखादी गाडी आली नाही म्हणून काय आकाश कोसळते, असा या मंडळींचा प्रश्न असतो. हा प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा अशा ठिकाणी राहतात, की जेथे एक गाडी गेली तर चार मिनिटांत दुसरी येते. त्यांनी एकदा भल्या पहाटे बोईसरच्या फलाटावर उभे राहून न येणाऱ्या लोकलची वाट पाहावी, आणि मग आकाश किती उंचीवर आहे ते आम्हांस कळवावे.

विरारच्या पुढचा मुलूख निराळा आहे. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही स्थानके मुंबईच्या लोकलशी जोडली गेली ती 16 एप्रिल 2013 रोजी. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हे नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 पासून चालू आहे, जवळच औद्योगिक वसाहत वाढली आहे, आणि या दोहोंचे स्थानक बोईसर. त्यामुळे येथील रहदारी दुहेरी आहे. इकडची माणसे मुंबईस निघतात, त्याच घटकेस वसई-विरारकडचे कामगार, शिक्षक आणि कचेऱ्यांतील कारकून इकडे यावयास निघालेले असतात. हा सारा भार रुळांच्या दोनच वाटांवर. मेल त्यांवरून, मालगाडी त्यांवरून, आणि उरलेल्या फटीतून लोकल! या मार्गाच्या चौपदरीकरणास 2016 साली मंजुरी मिळाली. आठ वर्षांनंतर, 2024 सालीही, ते पुरे झालेले नव्हते.

बरे, गाडी नाही तर रस्ता आहे, असेही म्हणण्याची सोय नाही. विरार आणि सफाळे यांच्यामध्ये वैतरणेची खाडी आहे. तिच्यावर आगगाडीचे पूल आहेत. मोटारीने रस्त्यानेच जाणाऱ्यास मात्र पूर्वेकडे महामार्गापर्यंत वळसा घालावा लागतो, आणि तो महामार्ग पालघरपासून सुमारे वीस किलोमीटर दूर, मनोरच्या बाजूने जातो. अशा ठिकाणी गाडी बुडणे म्हणजे दिवस बुडणे होय.

गाडी रद्द होऊच नये, असा हट्ट आम्ही धरीत नाही. 28 मे 2024 रोजी पालघर स्थानकातच पोलादाची वेटोळी वाहणारी मालगाडी रुळांवरून घसरली आणि या मार्गाची वाहतूक कोलमडली. अशा दिवशी गाड्या का नाहीत हे सूज्ञास सांगावे लागत नाही. संताप येतो तो इतर दिवसांचा, ज्या दिवशी काहीही घडलेले नसते. फलकावर गाडीची वेळ झळकत असते. ती वेळ टळते, आणखी काही मिनिटे जातात, आणि एकाएकी तेथे पुढच्या गाडीची वेळ येते. मधली गाडी जणू कधी जन्मासच आली नव्हती! कर्ण्यातून गैरसोयीबद्दल दिलगिरी तेवढी ऐकू येते. दिलगिरीचे वाक्य यंत्रात आधीच भरून ठेवलेले असते. कोणती गाडी रद्द झाली, हे सांगणारे वाक्य भरावयाचे मात्र राहून जाते. अर्धा तास अगोदर कळले असते तर एखाद्याने एस. टी. गाठली असती, दुसऱ्याने सहकाऱ्यास निरोप धाडला असता, तिसरी बाई घरी परतून मुलाचा डबा तरी भरती. रद्द गाडी वेळ घेते. न कळविता रद्द केलेली गाडी माणसाचा उपायही हिरावून घेते. या दोन अपराधांत फार अंतर आहे, आणि आमच्या मते दुसऱ्यास क्षमा नाही.

आता भरपाईचा कायदा पाहू. तिकिटांच्या परताव्याचे 2015 चे नियम आरक्षित प्रवाशाविषयी बरेच उदार आहेत. गाडी रद्द झाली तर पुरे भाडे परत. घरबसल्या काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप, खिडकीवरच्या तिकिटाचे तीन दिवसांच्या आत मागितल्यास. गाडीस तीन तासांहून अधिक उशीर होणार असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर ती सुटण्यापूर्वी मागणी केली असता भाडे परत मिळते. पण लोकलच्या पासधारकास या नियमांचा काय उपयोग? तीन तास उशिरा येणारी लोकल ही उशिराची लोकल नव्हेच. ती त्या दिवशी नाहीच. आणि पास एकदा काढला की गाडी आली काय, न आली काय, त्यातील एका दिवसाचेही मोल परत येत नाही. जो महिनाभराचे, वर्षभराचे पैसे आगाऊ मोजतो, त्या सर्वांत भरवशाच्या गिऱ्हाइकास नियमांत जागा नाही!

यावर कोणी म्हणेल की, पास हा मुळीच नाममात्र किमतीचा आहे. गेली काही वर्षे तिकिटांवर छापून येत आले आहे की, रेल्वे प्रवासखर्चापैकी सरासरी 57 टक्केच वसूल करते. हिशेब खरा असेल. पण तो दाखवावयाचा कोणास? उरलेला वाटा जेथून येतो, तेथे आमचा कर भरलेलाच असतो. शिवाय सवलतीने विकलेला माल मुळीच न दिला तरी चालतो, असा न्याय आम्ही कोणत्याही बाजारात पाहिलेला नाही.

भरपाई देणे अशक्य आहे असेही नाही. अहमदाबाद-मुंबई तेजस गाडी जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा एका तासावर उशीर झाल्यास 100 रुपये आणि दोन तासांवर झाल्यास 250 रुपये प्रवाशास देण्याची योजना होती. ती 15 फेब्रुवारी 2024 पासून बंद करण्यात आली. ही गाडी पालघर-बोईसरवरून न थांबता जाते. म्हणजे चार वर्षे आमचा पासधारक फलाटावर उभा राहून ज्यांना उशिराचा मोबदला मिळू शकत होता अशा प्रवाशांस हात हलवीत होता, असे म्हणावयास हरकत नाही. तसेच 2020 च्या टाळेबंदीत ज्यांचे पास वाया गेले, त्यांना पुढे बुडालेले दिवस वाढवून देण्यात आले. तेव्हा दिवस मोजता येतात आणि ते पासात घालताही येतात. अडते ते केवळ इच्छेवाचून.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत 6 सप्टेंबर 2021 रोजी दिलेला निकाल प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावा असा आहे. अजमेरहून जम्मूस जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. गाडी वेळेवर नेण्याची हमी आम्ही देतच नाही, असे रेल्वेचे म्हणणे. त्यासाठी तिने आपल्या भाडेपुस्तकातील 114 व 115 या नियमांकडे बोट दाखविले. म्हणजे वेळापत्रक हा निव्वळ अंदाज! न्यायालयाने ते मानले नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्याने दाखवावे, न दाखविल्यास भरपाई द्यावी, असे ठरले. टॅक्सीचे 15,000, बुडालेल्या आगाऊ नोंदणीचे 10,000, वर मनस्ताप आणि दाव्याचा खर्च. हा निकाल पासधारकास जसाच्या तसा लागू होईल असे आम्ही म्हणत नाही. पण कारण सांगण्याचे ओझे गाडी चालविणाऱ्यावर आहे, हे तत्त्व लोकलच्या दारात येऊन थांबावे असे त्यात काही नाही.

युरोपात तासाभराच्या उशिरास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांस निम्मे भाडे परत देण्याचा कायदा आहे. वारंवार उशीर सोसणाऱ्या पासधारकाचाही त्यात विचार आहे. जपानात स्थानकावर उशिराचा छापील दाखला मिळतो. आम्ही पैशाआधी हा दाखलाच मागू. तारापूरच्या कारखान्यात अर्धा दिवस कापणाऱ्या मुकादमापुढे, किंवा परीक्षेच्या दाराशी अडविणाऱ्या आमच्याच व्यवसायबंधूंपुढे, त्या कागदाचे मोल शंभर रुपयांहून अधिक आहे. त्यानंतर रद्द गाडीची घोषणा तिच्या वेळेपूर्वी व्हावी, आणि न कळविता गाडी रद्द झाली तर पासाची मुदत त्या मानाने वाढावी.

हे आपोआप घडणार नाही. आपल्या लोकांस दोनच गोष्टी ठाऊक: निमूट सोसणे, नाहीतर 2 जानेवारी 2015 रोजी दिवा स्थानकावर झाले तसे रूळ अडवून दगड हाती घेणे. या दोहोंच्या मध्ये अर्ज नावाची एक वस्तू आहे, तिचा आपणांस विलक्षण कंटाळा. वास्तविक 2019 च्या ग्राहक कायद्याने आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. गाडी न आली त्याच दिवशी 139 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, फलकाचे छायाचित्र ठेवावे, आणि पासाची प्रत व कापलेल्या मजुरीची नोंद त्यास जोडावी. पहिला अर्ज पालघरचा असावा की बोईसरचा, याविषयी आमचा काही आग्रह नाही.